किल्ली फिरेना : पूर्व भागातल्या एका दाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, साठेक वर्षांचं. एक भिंत शेजारच्या पॉवरलूमच्या शेडला लागून आहे. त्यामुळं सकाळपासून घरात खटखट असते आणि खिडकीच्या गजांवर कापसाचं तूस बसलेलं असतं. राहणाऱ्या बाई एकट्याच, वय सत्तरच्या आसपास. घरात तेलुगू, दारात मराठी. गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून इथंही अक्काच. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी सोलापुरातच दिलेली. मी दारं-कुलपांची कामं घेतो, त्यातलंच हे एक. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, मापं मात्र माझ्या कामाच्या वहीतली आहेत तशीच दिली आहेत.

जुनं दार दोन झडपांचं, सागवानी. बाहेरून कडी-कोयंडा आणि आतून आडवा अडसर. खालून वाळवीनं खाल्लं होतं आणि एका झडपेची फळी फुटली होती. एप्रिलच्या शेवटी मुलगा चार दिवसांच्या सुट्टीवर आला तेव्हा त्यानं ते काढून एकाच झडपेचं फ्लश डोअर, म्हणजे लाकडाचे थर चिकटवून केलेलं सपाट दार, बसवून घेतलं. ७ फूट उंच, ३ फूट रुंद, ३५ मिलिमीटर जाड. बसवणारा माणूस एका दुकानातून मिळाला होता, आमच्याकडचा नव्हता.

चौकट तीच ठेवली. हा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. पाच इंच बाय तीन इंच जुना सागवान आज नव्यानं घ्यायचा म्हटलं तर खिसा विचार करतो. शिवाय चौकट काढायची म्हणजे भिंतीचा गिलावा फुटणार, शहाबादी उचकटणार. डाव्या उभ्या लाकडाचा पाय तेवढा वाळवीनं खाल्लेला होता, उंबरठ्यापासून पाचेक इंचांपर्यंत.

कुलूप म्हणून मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या कडेत कोरून बसवायचं कुलूप, दोन्ही बाजूंनी किल्लीचं. आतून नॉब, म्हणजे किल्लीशिवाय फिरवायची मूठ, का घेतला नाही, तर दाराशेजारी खिडकी आहे आणि चोर गजांतून हात घालून नॉब फिरवेल अशी मुलाला भीती. भीती अगदीच पोकळ नव्हती. पण खिडकीपासून कुलपापर्यंतचं अंतर तेव्हा कुणी मोजलं नाही. दोन्ही बाजूंनी किल्ली म्हणजे आत झोपलेल्या माणसालाही बाहेर पडायला किल्लीच लागणार, हेही कुणी बोललं नाही. अक्का रात्री दार लावून किल्ली देवळीत ठेवायच्या.

जुलै : पहिली तक्रार

जुलैमध्ये मुलाचा पुण्याहून फोन आला. कुणाकडून तरी माझा नंबर मिळाला होता. म्हणाला, "दादा, आईचं कुलूप अडतंय, नवीनच आहे. बदलून द्या नाहीतर दुरुस्त करा."

मी गेलो नाही, कामावरच्या पोराला पाठवलं. त्यानं पाहिलं की बोल्ट चौकटीवरच्या पट्टीच्या भोकात शिरताना खालच्या कडेला घासतोय. कानस घेऊन भोकाची खालची कड दोन मिलिमीटर खाली नेली. किल्ली फिरली, अक्कांनी चहा दिला, पोरगं वीस मिनिटांत परत.

या प्रकरणातला पहिला चुकीचा निर्णय हा, आणि तो माझा आहे. बोल्ट खाली घासतोय म्हणजे दार खाली आलंय. का आलंय, हे बघायला पाहिजे होतं. एप्रिलमध्ये बसवलेलं दार जुलैमध्ये दोन मिलिमीटर उतरत असेल तर ते तिथंच थांबायचं कारण नाही. पण फोनवर तक्रार "कुलूप" म्हणून आली, मीही कुलूप म्हणूनच ऐकली. आमच्या धंद्यात हे रोज होतं. घरमालकाला त्रास जिथं होतो तिथलं नाव तो सांगतो, आणि त्रास कायम हाताशी होतो. किल्ली हातात असते. बिजागरीला कुणी हात लावत नाही.

अक्कांनी त्याच सुमारास आपल्या परीनं एक इलाज केला होता, तो मला नंतर कळला. किल्लीच्या भोकात खोबरेल तेल. लूमशेजारच्या घरात कुलपात तेल घालणं म्हणजे तुसाला आमंत्रण. तेलावर तूस बसतं, त्याचा लगदा होतो आणि आतल्या पिना जड होतात. कुलपाला कोरडं वंगण लागतं. काहीच नसेल तर मऊ पेन्सिलीचं शिसं कुटून किल्लीला चोळून आत-बाहेर करावं.

सप्टेंबर : दार उघडेना

ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो, तेव्हा पूर्व भागात घरोघरी पाहुणे. अक्कांची मुलगी दोन्ही पोरं घेऊन आठवडाभर राहिली. धाकटा वीसेक किलोचा. नव्या दाराचं हँडल त्याला झोक्यासाठी सापडलं. दोन्ही हातांनी धरायचं, पाय वर घ्यायचे, दार आपोआप फिरतं. घरातल्यांनी कौतुकानं व्हिडिओ काढला होता, तो मी पाहिलाय.

सप्टेंबरात गणपती उठल्यावर तीन दिवस पाऊस लागून होता. सोलापुरात पाऊस मुळात कमी, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात येतो. चौथ्या दिवशी पहाटे तीनला गल्लीत पाणी आलं. आमच्याकडं नळाला रोज पाणी नसतं, आलं की उठायचं. अक्का उठल्या, देवळीतली किल्ली घेतली, आणि ती फिरेना. रात्री दार जोरानं रेटून कुलूप लावलं होतं, म्हणून बोल्ट आत गेला. आता त्याच्यावर दाराचं सगळं वजन बसलं होतं. किल्ली थोडी वाकली तेव्हा त्यांनी हात सोडला आणि भिंतीवर थापा मारल्या.

रात्रपाळीचे दोन कामगार शेडमधून आले. दार तोडायचं अक्कांच्या जिवावर आलं. मग त्यांच्यातल्या एकानं पहार आणली, दाराखाली कुलपाच्या बाजूला टोक घातलं आणि दाबून दार वर उचललं. "आता फिरवा ओ अक्का." किल्ली फिरली.

त्या माणसाला सुतारकाम येत नव्हतं. पण मी जुलैमध्ये जे निदान करायला हवं होतं ते त्यानं पहाटे तीन वाजता पहारीनं केलं. दार उचलल्यावर किल्ली फिरते, म्हणजे कुलूप चांगलं आहे आणि दार लोंबलेलं आहे.

तपासणी

सकाळी मी आणि आमचे मिस्त्री दोघं गेलो. मिस्त्री साठीचे, हातात पेचकसापेक्षा तंबाखूची डबी जास्त असते, पण नजर पक्की. उंबरठ्याच्या आत फरशीवर एक पांढरा ओरखडा दिसत होता, पाव वर्तुळासारखा वळलेला. दाराचं खालचं टोक तीन महिने त्या वाटेनं घासत होतं. अक्का रोज तिथं फडकं मारायच्या. म्हणाल्या, "दार घासायलंय, पण पावसाळ्यात लाकूड फुगतंच की."

लाकूड फुगतं हे खरं, म्हणून आधी फुगणं आणि लोंबणं यांतला फरक बघितला. दार फुगलं तर कुलपाच्या बाजूची फट वरपासून खालपर्यंत सारखीच कमी होते. लाकूड आडवं फुगतं, उंचीत जवळजवळ वाढत नाही, त्यामुळं ते खाली फरशीला घासत नाही. त्यात फ्लश डोअरचे थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असतात, अखंड फळीच्या दारापेक्षा त्याचं फुगणं बरंच कमी. दार लोंबलं तर फटी तिरक्या होतात. बिजागरीच्या बाजूला वर फट रुंद, खाली अरुंद. कुलपाच्या बाजूला उलटं, वर चिकटलेलं आणि खाली मोकळं. माथ्याची फट कुलपाकडं जाताना वाढत जाते.

पट्टी घालून मोजलं. बिजागरीकडं वर ८ मिलिमीटर, खाली २. कुलपाकडं वर दार चौकटीला टेकलेलं. मिस्त्रींनी हँडल धरून दार उचललं तेव्हा वरची बिजागरी चौकटीवर नुसती हलली, तोंडातल्या सैल दातासारखी. कामावरचा पोरगा शेजारी उभा होता. त्याला म्हणाले, "बे, कानस काढायच्या आधी एवढं उचलून बघायचं असतंय की." पोरगा माझ्याकडं बघायला लागला.

दुसरी चाचणी उघड्या दारावर. दार उघडं ठेवून किल्ली फिरवली. जड होती, पण बोल्ट पूर्ण बाहेर आला, पूर्ण आत गेला. उघड्या दारावर कुलूप चालतं आणि बंद दारावर अडतं, तर दोष कुलपाच्या बाहेर. जडपणा तेला-तुसाचा होता. तो वेगळा दोष, लहान.

मग वरची बिजागरी खोलली. चार स्क्रू होते, त्यांतले दोन बोटांनीच निघाले. काळे, ड्रायवॉलचे (जिप्सम बोर्डासाठी असतात ते), जेमतेम एक इंची. चौकटीतलं भोक बघितलं तर आट्यांचा एकही ठसा नाही, लाकडाचे तंतू नुसते खाली दाबलेले. म्हणजे स्क्रू हातोडीनं ठोकले होते आणि शेवटचे दोन फेरे पेचकसानं दिले होते. तिसऱ्या भोकातून काडेपेटीच्या चार काड्या आणि भरलेली लांबी (पुट्टी) निघाली. जुन्या झडपेच्या बिजागऱ्या याच जागी होत्या. नवीन माणसानं जुन्याच भोकांवर नव्या चार इंची बिजागऱ्या मारल्या आणि सैल भोकं काड्यांनी भरली. चौथा स्क्रू डोक्यातून तुटला होता. ड्रायवॉलचा स्क्रू कडक असतो पण ठिसूळ, दाराच्या वजनानं वाकण्याऐवजी तुटतो. त्याचं डोकं बिजागरीच्या खळग्यात नीट बसतही नाही.

पोराला समजावं म्हणून फरशीवर खडूनं हिशेब मांडला. दार अंदाजे ३५ किलोचं. वजन दाराच्या मध्यावर धरलं तर बिजागरीपासून १८ इंचांवर. वरच्या आणि खालच्या बिजागरीतलं अंतर ५६ इंच. वरच्या बिजागरीला चौकटीतून बाहेर ओढणारी ओढ म्हणजे ३५ गुणिले १८ भागिले ५६, सव्वाअकरा किलो. ही रात्रंदिवस चालू. आता हँडलला, म्हणजे ३३ इंचांवर, वीस किलोचं पोर लोंबलं की आणखी जवळजवळ बारा किलो. ओढ दुप्पट. खालच्या बिजागरीचं बरोबर उलटं, ती चौकटीत दाबली जाते. म्हणून लोंबणाऱ्या दारात बहुतेक वेळा वरचीच बिजागरी सुटते. वर सहा मिलिमीटर सुटलं की तीन फुटांवरचं टोक चारेक मिलिमीटर खाली येतं. पट्टीवर बोल्टचा ठसाही तेवढाच खाली होता.

घरातल्यांचं म्हणणं होतं की लूमच्या हादऱ्यानं स्क्रू सुटले. शेडला लागून शेकडो घरं आहेत, सगळ्यांची दारं उतरत नाहीत. हादऱ्यानं काम लवकर झालं असेल एवढंच.

पर्याय

मुलगा व्हिडिओ कॉलवर, अक्का समोर, मिस्त्री उंबरठ्यावर. तासभर चर्चा झाली.

पट्टीचं भोक अजून खाली वाढवणं. जुलैचाच इलाज. मुलाला तो पटत होता, कारण स्वस्त आणि लगेच. मी नको म्हणालो. भोक इतकं लांब झालं असतं की पट्टीची खालची कड उरली नसती, आणि दार उतरतच राहिलं असतं.

दार खालून आणि कुलपाच्या बाजूनं रंधणं. एक शेजारी हेच सांगत होते. सप्टेंबरात, लाकडात सगळ्यात जास्त ओल असताना दार तासलं की मेमध्ये, हवा कोरडी आणि पारा ४२-४३ वर गेल्यावर, बोट जाईल एवढी फट दिसते. शिवाय फ्लश डोअरच्या कडेला अखंड लाकडाची पट्टी मर्यादित रुंदीची असते. ती तासत गेलं की कुलपाची पकड जाते. तिरकं लोंबलेलं दार तिरकंच तासायचं, ही तर चूक झाकण्यासाठी केलेली दुसरी चूक.

चौकटच बदलणं. मिस्त्रींनी टोच्यानं चौकट जागोजागी टोचून पाहिली. पाच इंचांच्या वर लाकूड हाडासारखं. ती काढणं पाप, असं ते म्हणाले.

पुन्हा कडी-कोयंडा. हा अक्कांचा पर्याय. "मला आपला कोयंडा बरा ओ. आत अडसर, बाहेर कुलूप. चाळीस वर्षं कधी अडकले नाही." मुलगा हसला, पण मला यात तथ्य वाटलं. कोयंड्याला मिलिमीटरची अचूकता लागत नाही. दार बोटभर उतरलं तरी कडी बसते. मॉर्टिस लॉकला दोन मिलिमीटरही चालत नाहीत. चांगलं बसवायची खात्री नसेल तर साधी गोष्ट बरी.

शेवटचा पर्याय, दार उतरवून बिजागऱ्या नव्या जागी, नव्या मापाच्या बसवणं, जुन्या जागा लाकडानं भरणं आणि कुलपाचं आतलं तोंड बदलणं. खर्च भोक वाढवण्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि दोन दिवस. हा ठरला. अक्कांचा कोयंडाही ठेवायचा ठरलं, पण फक्त बाहेरून.

नॉबचा मुद्दा इथंच निकाली निघाला. मुलाला चोराची भीती होती, आणि पहाटेच्या प्रसंगानंतर त्याला आईची काळजी वाटायला लागली होती. मी टेप काढून खिडकीच्या जवळच्या गजापासून नॉबच्या जागेपर्यंत मोजलं. साडेतीन फूट, मध्ये भिंतीची जाडी. कुणाचाही हात पोचत नाही. तरी समाधानासाठी खिडकीला बारीक जाळी मारायची. आतून नॉब, बाहेरून किल्ली. घरात म्हातारं माणूस एकटं असेल तर आतून बाहेर पडायला किल्ली शोधावी लागू नये, या मताला मी तेव्हापासून चिकटून आहे. आग लागली, छातीत कळ आली, तर देवळी कुठं आणि किल्ली कुठं.

काम

पहिल्या दिवशी दार उतरवून दोन स्टुलांवर आडवं ठेवलं आणि गाळ्याला रात्रीपुरता जुना प्लायवूड टेकवला. आधी चौकट ओळंब्यानं तपासली. बिजागरीचं लाकूड सात फुटांत दोन मिलिमीटर आत झुकलेलं. तेवढं चालतं.

वरच्या जुन्या बिजागरीची जागा माथ्यापासून १२ ते १६ इंच होती. नवी पाच इंची बिजागरी ५ ते १० इंचांत, म्हणजे कोऱ्या लाकडात घेतली. दुसरी १८ ते २३ इंचांत, तीही कोऱ्या लाकडात. तीन बिजागऱ्यांतली मधली बरोबर मध्यावर घ्यायची की वरच्या जोडीला, यावर मिस्त्रींचं आणि माझं नेहमी वाजतं. अखंड फळीचं दार मध्ये वाकू नये म्हणून मध्यावर घेणं ठीक. फ्लश डोअर त्यामानानं कमी वाकतं, तिथं वजन वर पेलणं महत्त्वाचं. या वेळी माझं ऐकलं.

खालच्या बिजागरीला निवड नव्हती. खाली सरकवली तर वाळवीचा भाग, वर घेतली तर अंतर कमी होऊन वरची ओढ वाढणार. म्हणून जुनीच जागा, पण ठिगळ लावून. सडलेली भोकं चौकोनी कोरून काढली, सहा इंच लांब आणि पाऊण इंच खोल. तंतू उभे येतील असा सागवानाचा तुकडा पाण्याला टिकणाऱ्या फेविकॉलनं बसवला आणि शिकंजा लावून रात्रभर सोडला. वरची जुनी जागा, मधली जागा आणि दाराच्या कडेवरची भोकं अशीच भरली. खालच्या बिजागरीला दाब असतो, ओढ नसते, त्यामुळं ठिगळावर ती निभावते. वरची मी ठिगळावर ठेवली नसती. नव्या जागांमुळं अंतर साडेबासष्ट इंच झालं आणि ओढ दहा किलोवर आली. सव्वाअकरावरून दहा, म्हणजे फार मोठी कमाई नाही. खरी कमाई कोऱ्या लाकडाची.

दुसऱ्या दिवशी खाचा. बिजागरी जागेवर धरून पेन्सिलीऐवजी चाकूच्या टोकानं रेघ मारायची. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते. चाकूची रेघ तंतू कापते, आणि पटाशी लावली की कड फुटत नाही. बिजागरीचं पान तीन मिलिमीटर जाड, म्हणून खाच तीन मिलिमीटर. मिस्त्री पटाशीनं आधी आडवे बारीक छेद देतात, पावाच्या चकत्यांसारखे, मग पटाशी सपाट धरून ते सोलून काढतात. खाच खोल गेली तर दार बंद होताना बिजागरी चेपते आणि हात सोडला की दार परत उघडतं. अशा वेळी पत्र्याचा तुकडा घालण्यापेक्षा पातळ व्हिनियरची, म्हणजे लाकडाच्या पापुद्र्याची, पट्टी बरी. एका खाचेत आम्हाला ती घालावी लागली.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, आठ नंबर, दीड इंची, आणि वरच्या बिजागरीला चौकटीकडं दोन इंची. प्रत्येकाला आधी तीन मिलिमीटरचं भोक. जुना सागवान इतका कडक की स्टेनलेसचा मऊ स्क्रू सरळ घातला तर मान मोडते. म्हणून आधी साधा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घेतले, तो काढून खरा घातला. आट्यांना मेणबत्तीचं मेण. साबणही लावतात, पण साबण ओल धरतो आणि लोखंड गंजतं. हे सगळं पोराकडून करून घेतलं. पहिला स्क्रू घालताना त्याचा हात सवयीनं हातोडीकडं गेला होता.

दार टांगताना आधी प्रत्येक बिजागरीला एकच स्क्रू. मग फटी बघायच्या. आम्ही रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून फिरवतो, साधारण तीन मिलिमीटर होतात. माथ्याला आणि दोन्ही बाजूंना नाणी सारखी सरकली, तेव्हा बाकीचे स्क्रू. खाली फरशी कुलपाकडं थोडी उंच आहे, तिथं सहा मिलिमीटर ठेवले. दाराची खालची आणि वरची कड कोरी होती, रंगाचा थेंब नाही. पावसाचं पाणी तिथूनच आत शिरतं. दार खाली उतरवलेलं असतानाच दोन हात प्रायमर मारून घेतला होता.

कुलूप शेवटी. दार वर गेल्यामुळं जुलैमध्ये वाढवलेलं भोक आता निरुपयोगी. पट्टी बदलली, चौकटीतला कानसलेला भाग ठिगळानं भरला. बोल्टच्या तोंडाला खडू फासून दार लावलं, किल्ली फिरवली, आणि खडूचा ठसा उमटला तिथं भोक घेतलं. बोल्ट वीस मिलिमीटर बाहेर येतो आणि आधीच्या माणसानं चौकटीत भोक जेमतेम पंधरा मिलिमीटर कोरलं होतं. म्हणजे कुलूप पहिल्या दिवसापासून कधी पूर्ण लागलंच नव्हतं. पंचवीस केलं.

सिलिंडर, म्हणजे कुलपातला किल्ली जाते तो भाग, बाहेर किल्ली आणि आत नॉबचा घेतला. त्याचं माप एकूण लांबीवर घेत नाहीत. मधल्या स्क्रूच्या भोकापासून बाहेर किती आणि आत किती, असं घेतात. ३५ मिलिमीटरच्या दाराला मधून साडेसतरा, त्यात हँडलच्या पट्टीचे दहा, म्हणजे साडेसत्तावीस. तीस अधिक तीसचा सिलिंडर पट्टीबाहेर अडीच मिलिमीटर येतो. याहून फार बाहेर आला तर पकडीनं धरून मोडता येतो.

परिणाम

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सहज गेलो. नाणी सगळीकडं सरकत होती. दोन स्क्रू पाव फेरा घट्ट झाले, नव्या लाकडात तेवढं होतं. मेमध्ये कुलपाकडची फट चारच्या आसपास. पुढच्या सप्टेंबरात वरच्या कोपऱ्यात किंचित जड, घासत मात्र नव्हतं. फरशीवरचा पांढरा ओरखडा अजून आहे, तो जाणार नाही.

अक्का आतून नॉब फिरवतात, आणि बाहेर जाताना कोयंडाही बघतात, लागलाय का. हँडलला सुतळीनं एक चिंधी बांधली आहे. नातवाला सांगून ठेवलंय, हिला हात लावला तर आजी ओरडेल.

आता करायचं झालं तर

जुलैमध्ये फोन आला तेव्हा मी मुलाला दोन गोष्टी विचारायला हव्या होत्या. दार उघडं ठेवून किल्ली फिरते का, आणि हँडल धरून दार उचललं तर हलतं का. दोन्ही अक्कांना एका मिनिटात करता आल्या असत्या. आता माझ्याकडचं पोरगं कुलपाची तक्रार घेऊन निघालं की आधी हे फोनवर विचारतं.

एप्रिलमध्ये दुकानातल्या माणसाला मुलानं "बिजागऱ्या चांगल्या लावा" सांगितलं होतं, आणि बिजागऱ्या वाईट नव्हत्याच. त्या कुठं आणि कशावर लागणार, हे बोलायला हवं होतं. जुन्या चौकटीवर नवं दार घेताना जुनी भोकं टाळा, स्क्रू दीड इंची घ्या, आधी भोक पाडा, एवढं कागदावर लिहून दिलं असतं तर नंतर जाब विचारायला आधार राहिला असता.

वाळवीचा पाय आम्ही तेव्हा तसाच सोडला. औषध मारलं, पण लाकूड जोडलं नाही. दोन दिवसांच्या कामाचा तिसरा दिवस नको म्हणून टाळलं, आणि मुलानंही विचारलं नाही. तो पाय कापून आठ इंचांचा तुकडा तिरक्या जोडानं बसवायला हवा होता, दार खाली असताना ते सोपं होतं. आता दार परत उतरवावं लागेल. टोच्या आता पाचऐवजी सहा इंचांपर्यंत आत जातोय आणि खालच्या बिजागरीच्या ठिगळाला त्याच्या वर पाच इंचच उरलेत. दिवाळीआधी करू असं अक्कांना सांगितलंय. त्या म्हणाल्या, पाण्याच्या दिवशी येऊ नका.